अण्णांनी जपानहून काय आणले?

आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक वाद दर दोन-चार महिन्यांनी हमखास रंगतो. कोणत्या देशातली शाळा चांगली? जर्मनीत राहणारे सांगतात, तिथे चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होऊ लागतात. सिंगापूरचे सांगतात, सहावीच्या अखेरच्या परीक्षेने सगळ्या घराची झोप उडते. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जाते हे ऐकले की इथले आईबाप उसासा टाकतात. यंदा स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने शाळेला काहीतरी द्यायचे ठरले आणि वादाला नवे टोक आले. तिकडचे काय उचलून इथे आणावे?

स्मरणिकेसाठी लेख द्यायचा होता, म्हणून या प्रश्नाशी आयुष्यभर झगडलेल्या एका गणिताच्या मास्तरांबद्दल लिहिते आहे. धोंडो केशव कर्वे. आपण त्यांना 'महर्षी' म्हणून ओळखतो आणि परीक्षेत विधवाविवाह, हिंगणे आणि भारतरत्न एवढे लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. जवळच्या लोकांसाठी ते अण्णा होते. एका परक्या देशातल्या शिक्षणसंस्थेची माहिती वाचून त्यांनी आपल्याकडे विद्यापीठ उभे केले, आणि ते करताना काय घ्यायचे, काय सोडायचे याचा हिशेब मांडला. तो हिशेब सगळाच बरोबर आला असे नाही. म्हणूनच तो पाहण्यासारखा आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीचा. वाढले ते दापोलीजवळच्या मुरूडला. शाळेची त्यांची पहिली मोठी आठवण पायपिटीची आहे. सहावीची सरकारी परीक्षा द्यायची तर जवळपास केंद्र नाही. १८७५ साली सोबत्यांबरोबर हा मुलगा शंभराहून अधिक मैल चालत, ऐन पावसाळ्यात सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पोहोचला. परीक्षेला किमान वय सतरा वर्षांचे लागे. अण्णा होते अंगाने लहानखुरे. परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिले, हा सतराचा दिसत नाही असे ठरवले आणि परीक्षेला बसू दिले नाही. आले तसे परत जावे लागले. पुढे कोल्हापूरला जाऊन ते ही परीक्षा पास झाले.

इंग्रजी शिक्षण त्यांच्या वाट्याला उशिरा आले. मुंबईच्या रॉबर्ट मनी स्कूलमधून ते मॅट्रिक झाले १८८१ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी. त्या वयात आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात पदवी होती, पहिली नोकरीही लागली होती. अण्णा पुढे विल्सन आणि मग एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८८४ साली गणित घेऊन बी.ए. झाले. शिकवण्या करून पोट भरायचे आणि शिकायचे, असा तो काळ. डोक्यात विषय पक्का असूनही परक्या भाषेसाठी माणसाची किती वर्षे खर्ची पडतात, हे त्यांना कोणा तज्ज्ञाकडून समजून घ्यावे लागले नाही.

१८९१ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. मागे लहान मुलगा रघुनाथ. हेच पुढे संततिनियमनाचे काम करणारे र. धों. कर्वे. विधुराने दुसरे लग्न करायचे ते दहा-बारा वर्षांच्या मुलीशी, अशी तेव्हाची रीत. अण्णांनी ठरवले की लग्न केलेच तर विधवेशी करायचे. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. याच पुढे आनंदीबाई, सगळ्यांच्या 'बाया'. त्या अण्णांच्या मित्राची बहीण, बालपणीच विधवा झालेल्या, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या.

इथे रमाबाईंबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. देशोदेशीच्या शाळा पाहून त्यातले काही इकडे आणणारे अण्णा पहिले नव्हेत. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तिथून अमेरिकेला. अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली, तिथल्या शाळा आणि समाज पाहून मराठीत पुस्तक लिहिले आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. म्हणजे परदेशी शाळांचा अभ्यास करून परतलेल्या एका बाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी अण्णांच्या घरात आली होती.

लग्नानंतर मुरूडने अण्णांवर बहिष्कार घातला. ते आईकडे उतरले तर तिच्या घरालाही वाळीत टाकायचे ठरले. ज्या गावासाठी त्यांनी मुंबईहून पै-पैसा जमवला होता, त्याच गावात त्यांना पाहुण्यासारखेही जाता येईना. अण्णा भांडले नाहीत आणि मागेही हटले नाहीत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेगमुळे १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला हलवला. रावबहादूर गोखल्यांनी दिलेली जमीन, तीवर एक साधी झोपडी, चहूकडे माळरान. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी सामान पाठीवर टाकून चिखल तुडवत हिंगण्याला जायचे, असा अण्णांचा क्रम होता. १९०७ साली विधवांबरोबर इतर मुलींसाठीही महिला विद्यालय सुरू झाले.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मुंबई विद्यापीठाचे दार मुलींना बंद नव्हते. १८८३ पासूनच ते त्यांना खुले झाले होते. तुलनाच करायची तर ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये आणि केंब्रिजने १९४८ मध्ये. कागदावर आपण विलायतेच्या पुढे होतो! पण उघड्या दारातून आत येणाऱ्या मुली किती, तर अगदी मोजक्या. मुलीचे लग्न लहान वयात होणार, शाळेत घालवायला तिच्याजवळ थोडीच वर्षे. त्यातली निम्मी इंग्रजी शिकण्यात जाणार, कारण इतिहास इंग्रजीत, गणित इंग्रजीत, सगळेच इंग्रजीत. विधवा तर विशी-पंचविशीत पाटी हातात घ्यायच्या. हिंगण्याच्या मुलींना या वाटेने पदवीपर्यंत नेणे म्हणजे अण्णांनी स्वतः काढलेली साताऱ्याची पायपीट त्यांनाही काढायला लावणे.

१९१५ साली बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी अण्णांना एक पुस्तिका पाठवली. ते जपानला जाऊन आले होते. पुस्तिका टोकियोच्या स्त्रियांच्या विद्यापीठाची होती. अण्णांनी ती चाळली आणि आपल्याला हे झेपणारे नाही म्हणून बाजूला ठेवली. वर्षाअखेर मुंबईला भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हातात आली, आणि या वेळी ती खाली ठेववेना. परिषदेत त्यांनी भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. तेव्हा त्यांचे वय होते सत्तावन्न.

टोकियोचे ते विद्यापीठ काढले होते नारुसे जिन्झो नावाच्या गृहस्थांनी, १९०१ साली. नारुसे स्वतः अमेरिकेत राहून शिकले होते. तिथल्या स्त्रीशिक्षणाचा अभ्यास करून त्यांनी परतल्यावर जपानी भाषेत स्त्रीशिक्षणावर पुस्तक लिहिले आणि मग संस्था उभी केली. गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य असे तीन विभाग. नाव विद्यापीठाचे असले तरी सरकारदरबारी तिला विद्यापीठाचा पूर्ण दर्जा मिळाला तो थेट १९४८ साली. म्हणजे नारुसेंनी अमेरिकेचे पाहिले आणि त्यातले जपानला मानवेल तेवढे घेतले. अण्णांनी जपानचे वाचले आणि त्यातले आपल्याला मानवेल तेवढे घेतले. एका देशातली वस्तू दुसऱ्या देशात जाताना बदलत जाते ती अशी.

अण्णांनी मुख्यतः तीन गोष्टी घेतल्या. पहिली, सरकारच्या मान्यतेची वाट न पाहता संस्था सुरू करायची. दुसरी, बाईच्या प्रत्यक्ष आयुष्यातले विषय, म्हणजे गृहशास्त्र, आरोग्य, बालसंगोपन, पदवीच्या अभ्यासक्रमात मानाने बसवायचे. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट शिक्षणाच्या माध्यमाची. जपानी माणूस उच्च शिक्षण जपानीत घेतो, तर आपल्या मुलींनी ते मराठीत, गुजरातीत का घेऊ नये?

मात्र जपानसारखे इंग्रजीला एका विभागात ठेवून ते थांबले नाहीत. इंग्रजी हा विषय त्यांनी सक्तीचा ठेवला. गांधीजींना मातृभाषेचे माध्यम पसंत होते, पण इंग्रजीची सक्ती पसंत नव्हती. अण्णा आपल्या मतावर ठाम राहिले. ज्ञान आपल्या भाषेत मिळावे, पण जगाशी बोलण्याची भाषाही मुलीच्या हातात असावी, हा त्यांचा तोल होता. आज मराठी की इंग्रजी माध्यम यावर आपण तावातावाने बोलतो तेव्हा एक गोष्ट विसरतो. भाषा शिकणे वेगळे आणि त्या भाषेतून शिकणे वेगळे. अण्णांनी १९१६ मध्येच या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या होत्या.

जून १९१६ मध्ये पुण्यात भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती आणि अण्णांच्या नात्यातले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू. नावे एवढी मोठी, पण पहिल्या वर्गातल्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पदव्यांची नावेही स्वतंत्र होती. बी.ए.च्या जागी 'गृहीतागमा', एम.ए.च्या जागी 'प्रदेयागमा'. पहिली म्हणजे जिने विद्या घेतली ती, दुसरी म्हणजे जी आता विद्या देऊ शकते ती. मास्तरी पेशातल्या माणसाला शोभतील अशीच ही नावे आहेत.

टीकाही पुष्कळ झाली, आणि ती सगळी सनातन्यांची नव्हती. स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्तेही विचारत, की मुलींना वेगळा अभ्यासक्रम म्हणजे हलका अभ्यासक्रम नव्हे काय? मुलग्यांना शास्त्रे आणि मुलींना स्वयंपाकघर, असेच ना शेवटी? सरकार ही पदवी मानत नव्हते, मग ती घेऊन मुलीने करायचे काय?

हे प्रश्न मला टाळता येत नाहीत. मुलींसाठी वेगळे सोपे गणित असते, तर माझ्यासारख्या अनेकजणी इंजिनिअरिंगच्या वर्गापर्यंत पोहोचल्याच नसत्या. आपल्या शाळेत बाईंनी मुलामुलींना फळ्यावर एकच उदाहरण सोडवायला बोलावले, त्याचे मोल आज कळते. स्त्रीचे कार्यक्षेत्र वेगळे, म्हणून तिचे शिक्षण वेगळे, हा अण्णांचा विचार काळाने मागे टाकला आणि ते बरेच झाले. सरकारी मान्यतेचेही तसेच. ती मिळाली १९५१ साली. मधली पस्तीस वर्षे ज्या मुलींनी गृहीतागमा ही पदवी घेतली, त्यांनी नोकरीच्या बाजारात चालेल की नाही याची खात्री नसलेले नाणे घेतले होते. प्रयोग अण्णांचा असला, तरी त्याची किंमत त्यांनीही मोजली.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. दहा-बारा वर्षांच्या विधवेला किंवा संसारात पडलेल्या सुनेला मुंबई विद्यापीठाची वाट चालता येत नव्हती, तिला ही वाट चालता आली. कोणाशी तुलना करायची, यावर उत्तर ठरते. मॅट्रिकला पहिल्या येणाऱ्या मुलीशी तुलना केली तर अण्णांचे विद्यापीठ कमी पडते. घरात कोंडलेल्या मुलीशी केली तर ते फार मोठे दिसते. अण्णांच्या डोळ्यांसमोर ही दुसरी मुलगी होती. सॉफ्टवेअरच्या कामात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की वापरणारा कोण हे ठरवल्याशिवाय एक ओळही लिहू नका. दुसऱ्याचा तयार प्रोग्रॅम उचलला तर तो त्याच्या वापरणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. अण्णांनी पुस्तिका जपानची घेतली, पण वापरणारी हिंगण्याची धरली.

पैशाची गोष्टही जपानकडूनच फिरून आली. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासाला गेले असताना त्यांनी टोकियोचे ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. परतल्यावर, १९२० साली, त्यांनी अण्णांच्या विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांनी तिचे व्याजच वर्षाला साडेबावन्न हजार होत होते. त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला मिळाले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हेच. तोवर अण्णा गावोगाव हिंडून लहानमोठ्या देणग्या गोळा करत होते. मोठी देणगी आल्यावरही त्यांनी ते हिंडणे सोडले नाही.

हिंडण्यात त्यांची एक सोबतीण त्यांच्यापेक्षाही धाडसी निघाली. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले. विधवा झाल्यावर हिंगण्यात शिकल्या, तिथेच शिक्षिका झाल्या आणि आश्रमासाठी निधी गोळा करू लागल्या. इंग्रजी येत नाही हे त्यांना खुपत होते. चाळिशी उलटल्यावर, १९१८ साली, त्या इंग्रजी शिकायला एकट्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. आज आपल्यातले कितीतरी जण कंपनीच्या व्हिसावर, विमानतळावर गाडी घ्यायला येईल या खात्रीने जातात. त्यांनी पार्वतीबाईंची 'माझी कहाणी' जरूर वाचावी.

पुस्तिकेतून पाहिलेले जग अण्णांनी डोळ्यांनी पाहिले ते वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. १९२९ च्या मार्चमध्ये ते निघाले. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला हजर राहिले, लंडनला भारतातल्या स्त्रीशिक्षणावर बोलले. जिनिव्हाला जगभरातल्या शिक्षकांच्या परिषदेत आपल्या विद्यापीठाचा प्रयोग मांडला. डेन्मार्कमध्ये एल्सिनोरला नव्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद होती, तिथेही गेले. त्याच सुमारास त्यांची सून इरावती बर्लिनमध्ये मानवशास्त्रात डॉक्टरेट करत होत्या. कर्व्यांच्या घरातच शिक्षणाच्या दोन तऱ्हा नांदत होत्या. सासरे मातृभाषेतल्या स्त्री विद्यापीठाचे संस्थापक, आणि सून जर्मनीत पुरुषांच्या बरोबरीने संशोधन करणारी. अण्णांना त्यात विसंगती वाटली नसावी. ज्या मुलीला जेवढे पुढे जाता येईल तेवढे तिने जावे, हाच तर सगळ्या खटाटोपाचा हेतू होता.

युरोपनंतर अमेरिका आणि अमेरिकेनंतर जपान. टोकियोच्या त्या विद्यापीठात अण्णा पोहोचले तेव्हा पुस्तिका हातात पडून चौदा-पंधरा वर्षे झाली होती आणि नारुसे हयात नव्हते. आपल्याकडे साधारण आधी परदेश दौरा होतो, मग अहवाल, आणि काम झाले तर शेवटी. अण्णांनी उलटे केले. आधी आपल्या मुलींना नीट पाहिले, मग काम सुरू केले, आणि मूळ जागा पाहायला सर्वांत शेवटी गेले. एप्रिल १९३० मध्ये ते परतले आणि त्याच वर्षअखेरीस आफ्रिकेला निघाले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार ते थेट दक्षिण आफ्रिका, सव्वा वर्ष. तिथल्या भारतीयांपुढे बोलायचे आणि विद्यापीठासाठी निधी मागायचा.

यानंतर कोणीही विसावा घेतला असता. अण्णांनी १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले. जग हिंडून आलेला माणूस शेवटी पुन्हा पायी खेड्यांत फिरत होता. जिनिव्हात पाहिलेले काहीतरी भव्य त्यांनी आणले नाही. त्यांना दिसले ते शाळेपर्यंत न पोहोचलेले मूल. १९४४ मध्ये जातिभेद आणि विषमतेविरुद्ध समता संघ. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, भारतरत्न. मुरूडने ज्यांना वाळीत टाकले होते त्यांचे चित्र देशाच्या टपाल तिकिटावर आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात ते वारले, एकशे चार वर्षांचे होऊन.

शाळेला काय द्यायचे याचा निर्णय अजून व्हायचा आहे. गटावर परदेशी धर्तीच्या प्रयोगशाळेची, मोठ्या पडद्याच्या वर्गाची, नव्या अभ्यासपद्धतीची नावे आली आहेत. त्यातले काहीही वाईट नाही. माझी एवढीच सूचना आहे की ठरवण्याआधी आपण चौघांनी एक सकाळ शाळेत जाऊन आजच्या शिक्षकांना विचारावे. दहावीच्या आधी कोणती मुले-मुली शाळा सोडतात, आणि कशामुळे? अंतर, भाषा, घरचे काम, फी, की आणखी काही? त्यांनी सांगितलेले कारण आपल्या यादीत नसेल, तर यादी बदलावी. मग फिनलंडकडून घ्यायचे की सिंगापूरकडून, की कोणाकडूनच नाही, ते सहज ठरेल.